जो काहीच सांगत नाही त्याच्यासाठी

जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळातलं एखादं प्लगिन आजही उघडलं, की माझी नजर आधी एकाच जागेकडे जाते. फाईलच्या अगदी वर किंवा पार तळाशी, महिरपी कंसात, एकाखाली एक लावलेल्या ओळी असतात. वेग किती, थांबायचं किती, आपोआप सुरू व्हायचं का, शेवटच्या चित्रानंतर पुन्हा पहिल्याकडे यायचं का. प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा आणि त्या ओळीचा अर्थ. माइक अल्सप यांच्या ‘सायकल’ या प्लगिनमधली ही यादी चांगली लांबलचक होती. चित्रं एकामागून एक बदलत ठेवणारं ते प्लगिन. त्यात लिहिलेलं असे: थांबा ४००० मिलिसेकंद, बदल १००० मिलिसेकंद. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर चित्र चार सेकंदांनी हलणार आणि त्याचं हलणं एका सेकंदात पुरं होणार. इंदुरातली मॅरेज गार्डनं, शाळा, साड्यांची दुकानं, नमकीनवाले, ज्यांनी ज्यांनी २००८-०९ च्या सुमारास पहिल्यांदा संकेतस्थळ करून घेतलं, त्यांतल्या कितीतरी जणांच्या पहिल्या पानावर चित्रं याच चालीने सरकत. ही चाल कुणी ठरवली, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही आणि पडायचं कारणही नव्हतं.

डीफॉल्ट म्हणतात ते हेच. इंदुरात सकाळी गाड्यावर पोहे मागितले, की प्लेट हातात येते तेव्हा वर शेव आणि जिरावन मसाला पडलेलाच असतो. नको असेल त्याने आधी सांगायचं. सांगणारे थोडे, बाकीचं शहर जे पडेल ते खातं आणि तीच इंदुरी पोह्यांची चव होऊन बसते. पानावरच्या कंपोनंटचंही तसंच आहे. तारीख निवडायचा चौकोन, आकड्यांचा तक्ता, मध्येच उघडणारी खिडकी, टॅबची रांग, हे सगळं एकदा लिहून शंभर ठिकाणी वापरायचं असतं, आणि त्या शंभरांतल्या बहुतेक ठिकाणी वापरणारा काहीच सांगत नाही. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काय घ्यायचा, ते कंपोनंट लिहिणाऱ्याला आधीच ठरवून ठेवावं लागतं. मला हे काम पहिल्यापासून फार जबाबदारीचं वाटत आलं आहे.

त्या वेळचं इंदूर आठवायचं तर सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसच्या काचेच्या इमारती नव्हत्या. संगणकाचं सामान जेल रोडवर मिळे, पुस्तकं खजुरी बाजारात. पण शहराला वेबची ओळख नव्हती असं मात्र नाही. हिंदीतलं पहिलं पोर्टल म्हणून ओळखलं जाणारं वेबदुनिया १९९९ मध्ये इथूनच सुरू झालं. ‘नईदुनिया’ वर्तमानपत्राच्या घरातून ते निघालं, आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. देवनागरी पडद्यावर कशी उमटवायची, या प्रश्नाशी इंदूर देशातल्या बऱ्याच शहरांच्या आधी झुंजलं, याचा मला अभिमान आहे. बाकी आमच्यासारखे संकेतस्थळं बांधणारे लोक पलासिया, एमजी रोडच्या इमारतींत, एखाद्या फ्लॅटमध्ये थाटलेल्या कचेऱ्यांत बसत. बहुतेक काम अमेरिकेतून येई. कोपऱ्यात यूपीएस गुणगुणत असे, आणि अनुभवी माणसाला, तो मराठी असो की मारवाडी, सगळे ‘भिया’ म्हणत.

शिकायची शाळा एकच होती. दुसऱ्याच्या पानावर जायचं, उजवं बटण दाबायचं आणि ‘व्ह्यू सोर्स’. आवडलेल्या पानामागची फाईल पूर्ण उघडी सापडे, कॉमेंटसकट. आमच्या भियाचा एक नियम होता: नवं प्लगिन आणलं की आधी त्याच्या डीफॉल्टची यादी वाचायची, मग बाकीचं. “यादी वाच, लिहिणाऱ्याचं डोकं कळेल,” असं तो म्हणायचा. ते खरं होतं. कुणी सगळं बंद ठेवून देई, पाहिजे त्याने चालू करावं. कुणी सगळं चालू ठेवून देई. कुणी वेग मिलिसेकंदात घेई, कुणी ‘स्लो’, ‘फास्ट’ असे शब्द घेई. यादीवरून माणूस ओळखता येत असे.

ही यादी वापरायची रीतसुद्धा तेव्हा जवळपास सर्वांची एकच होती. तिची सुरुवात जेक्वेरीच्याही आधीची. २००५ मध्ये सॅम स्टीफन्सन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी आणि तिच्यावर बेतलेलं टॉमस फुक्स यांचं स्क्रिप्टॅक्युलस आलं. त्यांत मूळ सेटिंगच्या ऑब्जेक्टवर वापरणाऱ्याचं ऑब्जेक्ट चढवायचा प्रघात पडला. जॉन रेसिग यांनी २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला जेक्वेरी दाखवली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती ओळ जगभर पाठ झाली: डॉलरची खूण, एक्स्टेंड, आणि कंसात तीन गोष्टी. पहिल्या जागी रिकामा महिरपी कंस, दुसऱ्या जागी डीफॉल्टची यादी, तिसऱ्या जागी वापरणाऱ्याने दिलेली सेटिंग. रिकाम्यावर आधी डीफॉल्ट उतरायचं, मग त्यावर वापरणाऱ्याचं. ज्याने काही सांगितलं त्याचं ऐकलं जाई, जे सांगितलं नाही ते यादीतून भरलं जाई.

त्यातला तो पहिला रिकामा कंस नवख्याला निरर्थक वाटे आणि तो गाळला जाई. मग जे व्हायचं ते त्या काळातल्या प्रत्येक कचेरीने कधी ना कधी पाहिलं असेल. कंस नसला की सगळं थेट मूळ यादीवरच उतरतं. पानावरच्या पहिल्या स्लायडरला कुणी दोन सेकंद सांगितले, की मूळ यादीतच दोन सेकंद लिहिले जात. आणि त्याच पानावरचा दुसरा स्लायडर, ज्याला कुणी काहीच सांगितलेलं नाही, तोही दोन सेकंदांनी पळू लागे. चूक एका जागी, लक्षण दुसऱ्याच जागी. शोधायला बसलं की दुपार जाई.

चुकीची ही जातकुळी पुढे प्रत्येक पिढीत पुन्हा भेटली, हे मला विशेष वाटतं. बॅकबोन हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं. त्याच्या मॉडेलच्या डीफॉल्टमध्ये एखादी रिकामी यादी ठेवली, तर ती एकच यादी सगळ्या मॉडेलांत वाटली जाई. एकाने भरली की सगळ्यांची भरली. म्हणून त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलं होतं की अशा वेळी डीफॉल्ट फंक्शन म्हणून द्या. २०१४ मध्ये व्ह्यू हे फ्रेमवर्क आलं, आणि त्यांनी ऑब्जेक्ट किंवा ॲरे डीफॉल्ट म्हणून द्यायचा असेल तर तो फंक्शनमधून परत करायचा, असा नियमच घातला. आमच्या वेळी जी गोष्ट भियाकडून ऐकून कळे, ती नव्या पिढीला अवजारच सांगतं.

अल्सप यांनी २००७ मध्ये प्लगिन कसं लिहावं यावर एक लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा मला आजही त्या सगळ्या काळाचा गाभा वाटतो. डीफॉल्टची यादी प्लगिनच्या पोटात दडवू नका, ती बाहेरून हात लावता येईल अशी ठेवा. प्लगिनच्या नावाला टिंब देऊन ‘डीफॉल्ट्स’ म्हटलं की यादी हाती यावी. याचा फायदा असा, की एखाद्या संकेतस्थळावर पन्नास पानं असली आणि सगळीकडे डीफॉल्टपेक्षा वेगळा असा एकच वेग हवा असला, तर पन्नास ठिकाणी लिहावं लागत नाही. सुरुवातीला एक ओळ लिहिली की त्या संकेतस्थळापुरता तोच नियम. अ‍ॅलन जार्डिन यांच्या डेटाटेबल्स या लायब्ररीने हीच सोय ठेवली. तक्त्यात एका वेळी दहा ओळी दाखवायच्या हे तिचं डीफॉल्ट, आणि ज्यांच्या हिशेबाला दहा पुरत नाहीत त्यांनी एकदाच वर बदल करून मोकळं व्हावं. एक्स्टजेएस या लायब्ररीत तर फॉर्मच्या पेटीला ‘डीफॉल्ट्स’ द्यायची सोय होती: पेटीत जेवढे खाने असतील त्या सगळ्यांची रुंदी, लेबलची जागा एकदाच. मोठ्या कंपन्यांचे पन्नास-साठ खान्यांचे फॉर्म बांधणाऱ्यांना ती सोय म्हणजे किती हायसं वाटे!

यातून सेटिंगच्या तीन पायऱ्या आपोआप तयार झाल्या होत्या. सर्वांत खाली कंपोनंट लिहिणाऱ्याचं मत. त्यावर त्या संकेतस्थळाचं, त्या संस्थेचं, त्या गावाचं मत. सर्वांत वर त्या एका जागेपुरतं सांगितलेलं. मधली पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्यासारख्यांचं सगळं म्हणणं तिथेच बसतं.

जेक्वेरी यूआयचा डेटपिकर, म्हणजे तारीख निवडायचा चौकोन, हे त्याचं ठळक उदाहरण. त्याचं डीफॉल्ट अमेरिकेचं: आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. आता ०५/०६/२०१० ही तारीख घ्या. इंदुरातल्या माणसाला ती पाच जून वाटणार, आणि डेटपिकरला मात्र सहा मे म्हणायचं असतं. दिवस बाराच्या पुढे गेला की घोटाळा उघड होतो. बारापर्यंतच्या तारखा मुकाट्याने चुकीच्या साठवल्या जातात. फीची शेवटची तारीख, डॉक्टरची वेळ, मॅरेज गार्डनचं बुकिंग, कशाचंही असो. अमेरिकेतल्या ज्या माणसाने ती ओळ लिहिली त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या गावी तसंच लिहितात. चूक तेव्हा होते जेव्हा मधल्या पायरीवर उभं राहायला कुणीच नसतं.

डेटपिकरमध्ये मधल्या पायरीची सोय चांगली केलेली होती. ‘सेटडीफॉल्ट्स’ नावाचं फंक्शन होतं आणि प्रत्येक भाषेची एक छोटी फाईल: महिन्यांची नावं, वारांची नावं, तारखेचा क्रम, आठवड्याचा पहिला वार. आम्ही मराठीची फाईल हाताने लिहिली होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. रवि, सोम, मंगळ. हिंदीच्या फाईलची नक्कल करून त्यात मराठी भरताना ‘जनवरी’चं ‘जानेवारी’ करण्यातसुद्धा एक सुख होतं. रामबागेत, राजेंद्रनगरात, लोकमान्य नगरात राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेत हिंदीत आणि घरी मराठीत तारखा सांगत मोठी झाली. आपली जानेवारी पडद्यावर दिसणं ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

एक गंमत मात्र तिथेही होती. प्रत्येक भाषेची फाईल शेवटच्या ओळीत स्वतःलाच डीफॉल्ट करून घेई. म्हणजे पानावर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही फायली जोडल्या, तर जी नंतर आली तिचं राज्य. कुणीतरी पानाच्या डोक्यावरच्या दोन ओळींची अदलाबदल करावी, आणि सगळ्या संकेतस्थळाची भाषा पालटावी. सगळ्यांना उघड्या असलेल्या यादीचा हा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. जी यादी कुणालाही वाचता येते ती कुणालाही बदलताही येत होती. एकाच पानावर दहा प्लगिनं, प्रत्येकाच्या याद्या उघड्या, आणि कोण कधी कुणाच्या यादीत लिहील याचा भरवसा नाही.

दुसरा त्रास दोन उभ्या रेघांचा. ‘वेग दिला असेल तर तो घे, नाहीतर ४००’ हे आम्ही दोन उभ्या रेघांनी लिहीत असू. वाचायला सुंदर, पण त्या रेघांना शून्य, रिकामी ओळ आणि ‘फॉल्स’ हे सगळं न दिल्यासारखंच वाटे. ज्याला चित्र अजिबात सरकवायचं नाही, लगेच बदलायचं आहे, त्याने मुद्दाम शून्य लिहावं आणि प्लगिनने ते ४०० समजावं. म्हणजे माणूस स्पष्ट बोलला आहे आणि आपण त्याला गप्प समजलो आहोत. एक्स्टेंड याबाबतीत शहाणं होतं: ते अनडिफाइन्ड तेवढं सोडून देई, बाकी नल आणि शून्य दोन्हीचा मान ठेवी. उभ्या रेघांच्या या खोडीवर भाषेचाच उपाय यायला २०२० उजाडलं, तेव्हा दोन प्रश्नचिन्हांची खूण आली. ती फक्त अनडिफाइन्ड आणि नल यांनाच ‘सांगितलं नाही’ मानते. मला तो दिवस सणासारखा वाटला होता.

आणि खोल एक्स्टेंड. सेटिंगच्या आत सेटिंग असली, तर पहिल्या जागी ‘ट्रू’ लिहून आतपर्यंत मिसळायची सोय होती. पण ती याद्याही क्रमांकाने मिसळे. डीफॉल्ट म्हणून ‘१०, २५, ५०, १००’ असे पर्याय असावेत, वापरणाऱ्याने ‘५, २०’ एवढेच द्यावेत, आणि पडद्यावर ‘५, २०, ५०, १००’ दिसावेत. जेक्वेरी यूआयच्या विजेट फॅक्टरीने हे ओळखून आपलं वेगळं एक्स्टेंड लिहिलं: साधी ऑब्जेक्टं आतपर्यंत मिसळायची, याद्या मात्र आख्ख्या बदलायच्या. एवढ्या बारीक गोष्टीवर कुणीतरी बसून विचार केला, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं आणि आजही वाटतं. यादी देणारा माणूस बहुधा ‘एवढंच’ म्हणत असतो. ‘यात भर घाला’ असं क्वचितच.

आता काय आहे? रिअ‍ॅक्ट हे नवं अवजार २०१३ मध्ये आलं आणि इंदुरातल्या कामाची चालच बदलली. क्रिस्टल आयटी पार्कात किंवा विजयनगरच्या एखाद्या मजल्यावर आज जी मुलं कामाला लागतात, त्यांतल्या बहुतेकांनी जेक्वेरी फक्त जुन्या प्रकल्पात पाहिलेली असते. रिअ‍ॅक्टमध्ये आधी ‘गेटडीफॉल्टप्रॉप्स’ नावाचं फंक्शन लिहायचं, मग क्लास आले तेव्हा ‘डीफॉल्टप्रॉप्स’ ही कंपोनंटला बाहेरून चिकटवलेली यादी. ती यादी मला जुन्या मित्रासारखी वाटे, कारण ती अगदी अल्सप यांच्या यादीसारखीच एका जागी, एकाखाली एक. पण २०१५ मध्ये जावास्क्रिप्टनेच फंक्शनच्या कंसात मूळ मूल्य लिहायची सोय दिली, आणि फंक्शनची कंपोनंट रूढ झाल्यावर वेगळ्या यादीची गरज उरली नाही असं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १९ ने फंक्शन कंपोनंटांसाठी ‘डीफॉल्टप्रॉप्स’ काढूनच टाकलं. आता मूल्य नावाला लागूनच, कंसात.

नव्या रीतीचे फायदे मी मनापासून मान्य करतो. बाहेरून कुणी यादीत हात घालू शकत नाही. टाइपस्क्रिप्ट असेल तर नाव लिहिता लिहिता एडिटर सांगतो की हे ऐच्छिक आहे आणि त्याचा प्रकार कोणता. एका स्लायडरचं दुसऱ्याला लागत नाही. शून्याचं शून्यच राहतं. रोजच्या कामात यामुळे जी शांतता आली आहे ती जुन्या माणसालाच नीट कळेल.

तरी काही गोष्टी नव्यानेही सांभाळाव्या लागतात. कंसात डीफॉल्ट म्हणून रिकामी यादी लिहिली, तर ती दर वेळी नवी तयार होते. आणि ‘यादी बदलली का’ हे पाहून काम करणारा इफेक्ट दर वेळी ‘हो, बदलली’ समजून धावत सुटतो. पूर्वी एकच यादी सगळ्यांत वाटली जाई म्हणून त्रास, आता प्रत्येक वेळी वेगळी होते म्हणून त्रास. उपाय जुनाच: ती यादी फंक्शनच्या बाहेर, फाईलच्या वर, नाव देऊन ठेवायची. सर्व्हरकडून नल आला तर कंसातलं मूल्य लागू होत नाही, कारण तिथे फक्त अनडिफाइन्डलाच मोकळी जागा मानतात. आणि २०१८ पासूनच्या तीन टिंबांनी ऑब्जेक्टं मिसळली, तर वापरणाऱ्याने चुकून दिलेलं अनडिफाइन्डही डीफॉल्टला पुसून टाकतं. जे एक्स्टेंड करत नसे.

पण मला खरी हळहळ वाटते ती यादी मोडल्याची. आज एखाद्या कंपोनंटचं डीफॉल्ट काही कंसात असतं, काही आत दोन प्रश्नचिन्हांपुढे, काही सीएसएसच्या व्हेरिएबलमध्ये, काही थीममध्ये. प्रत्येक मूल्य आपापल्या जागी बरोबर आहे. पण सगळं एकत्र वाचून ‘गप्प राहणाऱ्याला हे मिळेल’ असं म्हणता येत नाही. आणि कंसात जागा नसल्यामुळे कॉमेंट गेली. ४०० हा आकडा दिसतो. ४०० का, हे दिसत नाही. मधली पायरीही धूसर झाली आहे. मटीरियल यूआयच्या थीममध्ये प्रत्येक कंपोनंटचं डीफॉल्ट एका जागी बदलता येतं, बूटस्ट्रॅपमध्ये मूळ यादी, मग एचटीएमएलमधले डेटा-गुणधर्म, मग जावास्क्रिप्टमधून दिलेलं असा क्रम अजून स्वच्छ आहे. घरी लिहिलेल्या कंपोनंटांत मात्र ही पायरी बहुधा कुणी बांधतच नाही.

म्हणून आमच्याकडे आता प्रत्येक कंपोनंटच्या शेजारी डीफॉल्टची एक वेगळी फाईल असते. कंसातली मूल्यं तिथूनच येतात, ती गोठवलेली असतात म्हणजे कुणी चालू पानावर त्यांत लिहू शकत नाही, आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचं असतं. कारण सुचत नसेल तर ती सेटिंग अजून ठरलेली नाही असं समजायचं. नवीन मुलं आधी कुरकुरतात, मग तीच फाईल पहिल्यांदा उघडतात. संकेतस्थळापुरतं जे बदलायचं ते रिअ‍ॅक्टच्या एका कॉन्टेक्स्टमधून खाली जातं. तीन पायऱ्या, जशा होत्या तशा. फक्त आता त्यांना कठडा आहे.

या कठड्याची गरज मला सर्वांत जास्त आकड्यांत जाणवते. लाख-कोटींचे स्वल्पविराम आम्ही पूर्वी हाताने लिहिलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनने टाकत असू. आता ब्राउझरमध्येच आकडे आणि तारखा भाषेप्रमाणे मांडणारं इंटल आहे. त्याला भारताचं नाव सांगितलं की १,२३,४५६ असं नीट येतं. पण हिंदी सांगितली तर आकडे इंग्रजी, आणि मराठी सांगितली तर आकडे देवनागरी, हे त्याचं डीफॉल्ट आहे. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला. इंटलमागच्या, जगभरच्या भाषांच्या माहितीच्या कोशात कुणीतरी ठरवलं, की मराठी माणूस काही बोलला नाही तर त्याला त्याचे आकडे द्यावेत. हिंदीच्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मात्र हेच आकडे जावास्क्रिप्टला परत वाचायला दिले, तर ते त्यांना संख्या मानत नाही. तक्त्याचा क्रम बिघडतो, बेरीज येत नाही. त्यामुळे आमच्या फाईलमध्ये ही ओळ दोन भागांत आहे: दाखवायचे आकडे भाषेप्रमाणे, साठवायचे आणि मोजायचे नेहमी इंग्रजी. कारणही पुढे लिहिलेलं आहे. आठवड्याचा पहिला वार रविवार. कारण भारतासाठी तोच धरला जातो आणि घरातल्या भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्येही रविवारच पहिला असतो. तारखेत आधी दिवस. महिन्यांची नावं पूर्ण, कारण ‘जा’वरून जानेवारी ओळखायची वेळ कुणावर येऊ नये.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो पंचांग दाखवणाऱ्या एका कॅलेंडरवर. तारखेखाली तिथी दाखवायची एवढंच काम. पण इंदूर असं गाव आहे की इथे एकाच जिन्यात दोन पंचांगं टांगलेली असतात. मराठी घरातला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं एकमत. गणेश चतुर्थी दोघांचीही भाद्रपदातली. वद्य पक्ष आला की नावं वेगळी. गोकुळाष्टमी आमच्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. त्यांचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, म्हणून पहिल्या श्रावणी सोमवारचा उपास शेजारीण कधीच धरून बसलेली असते. उज्जैनला महाकालाची सवारी श्रावणात निघते आणि भादोंतही निघते. त्या भादोंचा पहिला पंधरवडा म्हणजे आमच्या श्रावणाचा दुसरा. आणि ज्या दिवशी राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, सारं शहर रंगात भिजतं, ती रंगपंचमी आमची फाल्गुन वद्य पंचमी आणि त्यांची चैत्र कृष्ण पंचमी. १९ मार्च २०२५ या एका चौकोनाखाली दोन वेगळ्या महिन्यांची नावं, आणि दोन्ही बरोबर. त्यांचा चैत्र तर अर्धा जुन्या वर्षात आणि अर्धा नव्या वर्षात पडतो; ते कंपोनंटला आधी समजावून सांगावं लागलं.

इथे डीफॉल्ट काय ठेवायचं? टीममधल्या मुलांचं म्हणणं होतं, कॅलेंडरची भाषा मराठी असेल तर अमान्त (अमावास्येला संपणारा महिना), हिंदी असेल तर पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा). ऐकायला सरळ वाटतं. पण इंदुरात मराठी घरातली कितीतरी मुलं फोन हिंदीत किंवा इंग्रजीत वापरतात आणि श्रावण मात्र आईचाच पाळतात. इंग्रजीत कॅलेंडर उघडणाऱ्याचा महिना कुठे संपतो, हे भाषेवरून कळणारच नाही. चुकीचं डीफॉल्ट दिलं तर कुणी तक्रारही करणार नाही; एखादी सून त्यावर भरवसा ठेवून पंधरा दिवस आधी उपास सुरू करील, आणि तिला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

फाईलमध्ये त्या ओळीपुढे बराच काळ प्रश्नचिन्ह होतं. शेवटी आम्ही तिथे मूल्यच ठेवलं नाही. बाकी प्रत्येक सेटिंग गाळता येते. ही गाळली तर कंपोनंट चालत नाही आणि वापरणाऱ्या प्रोग्रामरला स्वच्छ सांगतं की महिना अमान्त की पूर्णिमान्त, ते कळवा. मग तो प्रोग्रामर पहिल्या वेळी पडद्यावर कॅलेंडर वापरणाऱ्यालाच विचारतो: तुमच्याकडे श्रावण कधी लागतो? उत्तर एकदा मिळालं की ते मधल्या पायरीवर जाऊन बसतं आणि पुन्हा विचारावं लागत नाही. अल्सप यांच्या काळात प्रत्येक सेटिंगला काहीतरी मूल्य असलंच पाहिजे असं आम्ही मानत होतो. सगळं ऐच्छिक असणं हेच तेव्हा चांगल्या प्लगिनचं लक्षण होतं. आज आमच्या त्या फाईलमध्ये भरलेल्या ओळी पुष्कळ आहेत आणि रिकामी एकच. तिच्यापुढची कॉमेंट सर्वांत लांब आहे, आणि नव्याने येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मी तीच आधी वाचायला देतो.